जंगात गेलेली मोटार

मेहकरात त्या काळी गंज चुलीवर चढत असे आणि लोखंडावर जंग. ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या सुरळीत चालली होती. गंज म्हणजे भात शिजवायचे उभट भांडे, जंग म्हणजे लोखंडाला लागणारा तांबडा रोग, आणि दोहोंत गोंधळ होण्याचे कोणास कारण नव्हते. कारण उत्पन्न केले ते हायस्कुलातले संस्कृतचे शिक्षक मार्तंडराव यांनी. ते चार वर्षे पुण्यास शिकले होते आणि परतताना पदवीबरोबर काही शुद्ध शब्द घेऊन आले होते. पदवीचा उपयोग झाला. शब्दांचा झाला नाही, परंतु त्यांनी ते टाकून दिले नाहीत. बावीस वर्षे ते मुलांच्या वह्यांतला ‘जंग’ लाल शाईने खोडून त्यावर ‘गंज’ लिहीत आले. मुलांच्या आया त्या वह्या पाहून चकित होत. लोखंडाला भांडे कसे लागेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच अडाणी होता असे म्हणता येत नाही.

या मार्तंडरावांच्या घरामागे, जिथे एकेकाळी बैल बांधत, तिथे एक मोटार उभी होती. त्यांचे वडील वामनराव वकील यांनी ती एकोणीसशे एकोणीस साली घेतली. अमेरिकन बनावट, कापडी छत, पितळी भोंगा, आणि पुढे दोन गोल दिवे, ते पाहून बैल रस्ता सोडून शेतात जात. पुढल्याच वर्षी याच मोटारीने नवी सून प्रतिमाबाई मलकापूर स्टेशनावरून मेहकरास आली. मोताळ्याजवळ चाक बसले, राजूरच्या घाटात पाणी उकळले आणि चिखलीच्या पुढे भोंगा आपोआप वाजू लागला तो मेहकरपर्यंत थांबला नाही. सून आली हे गावाला सांगावे लागले नाही. वामनराव वारले आणि मोटार जागेवर बसली, त्याला आता अकरा वर्षे झाली होती.

त्या बसलेल्या मोटारीत मार्तंडरावांची मुलगी शैलजा लहानपणी दुपारभर प्रवास करी. ती एकदा काशीस जाऊन आली, दोनदा लंकेस. नऊ वर्षांची असताना तिने विचारले, ही खरोखर कधी चालेल. मार्तंडराव तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, तुझी पाठवणी हिच्यातूनच करू. उत्तरपत्रिका तपासताना माणसाने बोलू नये. आता एकोणीसशे बेचाळीस साल होते, शैलजेचे लग्न भुसावळच्या रेल्वे कचेरीतल्या एका सज्जन मुलाशी ठरले होते, वैशाखातला मुहूर्त निघाला होता, आणि मुलीने त्या वचनाविषयी अक्षर काढले नव्हते. तिने फक्त एका रविवारी मागे जाऊन मोटारीची बैठक झटकली. मार्तंडरावांना तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारीचा पुढला पंखा, म्हणजे चाकावरचा वाकवलेला पत्रा, दोन बोटांनी दाबून पाहिला. बोटे आरपार गेली.

विद्वान माणूस अशा प्रसंगी प्रथम ग्रंथांकडे वळतो. लोहाच्या किट्टाविषयी आपल्या पूर्वजांनी विपुल लिहून ठेवले आहे हे मार्तंडरावांना ठाऊक होते. त्यांनी वैद्यकाच्या जुन्या पोथ्या काढल्या. त्यांत लोखंडाच्या मळाला मंडूर असे भारदस्त नाव होते, तो शंभर वर्षांचा असल्यास उत्तम, ऐंशीचा मध्यम आणि साठाचा कनिष्ठ, अशी प्रतवारी होती, आणि तो खाण्याच्या रीती होत्या. तो काढण्याची रीत मात्र नव्हती, कारण पूर्वजांना तो हवा होता. तरीही शुद्धीच्या प्रकरणात ताक आणि त्रिफळा यांचा उल्लेख आढळला, म्हणून मार्तंडरावांनी मोटारीस त्रिफळायुक्त ताकाचा लेप दिला. शाळेतून परतले तेव्हा शेजारच्या तीन गाई मोटार चाटत होत्या. मोटारीवरचा रंग होता तेवढा गेला आणि खालचा तांबडा भाग अधिक टवटवीत दिसू लागला.

शेजारच्या सत्यभामाबाई गाई न्यायला आल्या आणि मंडुराचे नाव ऐकून थबकल्या. त्यांच्या सुनेला अशक्तपणा होता. एवढा ढीगभर मंडूर मास्तरांच्या घरी फुकट पडला आहे आणि शेजारणीला पत्ता नाही, हे त्यांना लागले. मार्तंडरावांना त्यांना प्रतवारी समजावून सांगावी लागली. मोटार तेवीस वर्षांची आहे, तिचा मंडूर कनिष्ठ ठरायलाही अजून सदतीस वर्षे लागतील. सत्यभामाबाईंनी तोवर थांबण्याची तयारी दाखवली, परंतु मन मोठे करून नव्हे.

मग मार्तंडराव शेषराव मिस्त्रीकडे गेले. शेषराव बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवीत आणि डोणगावपासून साखरखेर्ड्यापर्यंत त्यांच्या धावेचा आवाज ओळखू येई असे लोक सांगत. मोटारीचा गंज काढायचा आहे, असे मार्तंडरावांनी सांगितले. शेषरावांनी घरामागे येऊन गाडीत डोकावून पाहिले, बैठकीखाली पाहिले, मागे पाहिले. शेवटी ते म्हणाले, “गुरुजी, गंज कोठी दिसून नाही राह्यला. घरातच असन, बाईले विचारा.”

मार्तंडरावांनी बोट ठेवून दाखवले.

“हा जंग आहे,” शेषराव म्हणाले.

“त्यालाच शुद्ध भाषेत गंज म्हणतात.”

“म्हणत असतीन,” शेषराव म्हणाले, “पण त्याले मालूम नाही न. तो जंग म्हणूनच लागला.”

हा युक्तिवाद मार्तंडरावांच्या मनात बरेच दिवस राहिला.

शेषरावांना लग्नसराईत गाड्यांची कामे होती. मोटार दुरुस्त करून देण्यास त्यांना सवड नव्हती. शिकवण्यास होती, कारण शिकवताना त्यांचे हात मोकळे राहत. त्यामुळे बावीस वर्षे इतरांना शिकवणारा माणूस माघ महिन्यात एका लोहाराच्या पुढ्यात उकिडवा बसला. पहिला धडा श्रवणाचा होता. हातोडीने पत्रा ठोकत जायचे. निरोगी लोखंड ‘ठण’ म्हणते, खाल्लेले ‘थप’ म्हणते. जिथे ठण येईल तिथवर कापायचे, त्याअलीकडे दया करायची नाही. मार्तंडराव छंदःशास्त्राचे जाणकार होते. लघु-गुरूंचा इतका प्रामाणिक भेद त्यांना काव्यात क्वचितच आढळला होता. ते कान लावून ठोकत गेले. थप, थप, थप. डाव्या पंख्याचा निम्मा भाग निघाला तरी ठण येईना.

“थोडे जुने राखून वर नवे लावता येणार नाही का?” त्यांनी विचारले. मूळ पाठ शक्य तितका राखावा, असे त्यांचे संस्कार होते.

“हे लोखंड नाही राह्यलं, गुरुजी,” शेषराव म्हणाले. “हे लोखंडाची याद आहे. यादीले कथलाचा डाग देता येत नाही.”

पुढे पाच आठवडे मार्तंडराव शाळा सुटल्यावर हेच करीत होते. मातीच्या तेलाचे, म्हणजे रॉकेलचे, रिकामे डबे कापून ठोकून सपाट करायचे, कागदाचा नमुना ठेवून ठिगळ कापायचे, कडा विटेच्या भुकटीने घासून चकचकीत करायच्या, रिवेट ठोकायचे, फटी डाग देऊन बुजवायच्या. पहिली चार ठिगळे शेषरावांनी एका शब्दात निकालात काढली. पाचवे त्यांनी उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता खाली ठेवले. पुण्यास पदवी मिळाली त्या दिवशी मार्तंडरावांना इतके बरे वाटले नव्हते. त्यांची बोटे कापली, धोतरांना भोके पडली, आणि वर्गात ‘मेघ’ शब्दाचे रूप सांगताना ते नकळत बाक ठोकून आवाज पाहू लागले. गावाने सल्ल्यांत कसूर केली नाही. कोणी चिंच सांगितली, कोणी राख, कोणी लोणारच्या तळ्याचे पाणी. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मोटार विकून घोडा घ्यावा असे सुचवले, कारण घोड्याला जंग लागत नाही. टायर आणि थोडे पेट्रोल कोठून आले ती कथा स्वतंत्र आहे, आणि तीत उतारूंची सर्विस मोटार चालवणाऱ्या एकाची अब्रू गुंतली असल्याने ती येथे सांगत नाही.

ठिगळे बसल्यावर, पुन्हा जंग चढू नये म्हणून, शेषरावांनी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून द्यायला लावला. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. फक्त तो शुक्रवारी केला, हे चुकले. शनिवारी पहाटे सत्यभामाबाई गाईला हाक मारायला आल्या तेव्हा समोर शेंदूर माखलेला एक भव्य चेहरा दोन गोल डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होता. मार्तंडराव उठेपर्यंत मोटारीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ होती, भोंग्यावर तेल घातलेले होते आणि पुढल्या दांडीवर नारळ फुटला होता. शेषराव हातोडी घेऊन आले, तेव्हा त्यांना वहाणा बाहेर काढायला सांगण्यात आले. पुढल्या शनिवारच्या आत काजळी आणि जवसाचे तेल खलून मोटारीला काळा रंग द्यावा लागला. सत्यभामाबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मोटार मात्र त्या पहिल्या शनिवारीच रांगेने उभ्या असलेल्या भक्तांसमोर पहिल्याच फटक्यात सुरू झाली, त्याचे श्रेय इंजिन साफ करायला शिकवणाऱ्या शेषरावांना अजूनही मिळालेले नाही.

आता उरला कागद. अकरा वर्षे बंद असलेली मोटार रस्त्यावर आणायची तर परवानगी हवी, आणि महायुद्धामुळे पेट्रोल कुपनावर मिळत असल्याने कुपनही हवे. ज्या कचेरीत पुढला प्रकार घडला तिचे नाव येथे घेत नाही. कचेरीला अब्रू असते असे गृहीत धरणे हा सभ्यतेचा भाग आहे. मार्तंडरावांनी अर्ज केला की सदरहू मोटार गंजामुळे बंद होती. तीन आठवड्यांनी शेरा आला: मोटारीत गंज किती, कोणत्या धातूचे, आणि ते कोणाच्या मालकीचे, याचा खुलासा व्हावा.

तालुक्याच्या कचेरीतले कारकून भालचंद्रपंत हे मार्तंडरावांचे बालमित्र. त्यांनी शेरा वाचून चष्मा काढला आणि पुसला. वरचा कारकून वऱ्हाडी आहे, ते म्हणाले, त्याला कळेल असे लिही, जंग लिही. मार्तंडरावांनी ही सूचना अपमान म्हणून ऐकली. दोन दिवस ते जेवणावरून लवकर उठले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शैलजेला रुखवताच्या चोळ्या शिवताना पाहिले, दौत ओढली, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या अक्षरात तो शब्द लिहिला. परंतु हरलेल्या माणसाने निदान शैली तरी सोडू नये. म्हणून त्यांनी लिहिले: “सदरहू मोटार गेली अकरा वर्षे जंगात सापडलेली असून, अर्जदार त्या जंगाशी स्वतःच्या हातांनी झुंजत आहे, व तो निःशेष झाल्यावाचून अर्जदार स्वस्थ बसणार नाही.”

मधल्या काळात तो वऱ्हाडी कारकून रजेवर गेला होता. त्याच्या जागी सागर जिल्ह्यातला एक हिंदी भाषिक मनुष्य बसला होता. त्याच्या भाषेत जंग म्हणजे रोगही होता आणि लढाईही, आणि वर्तमानपत्रांत त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. त्याने साहेबासाठी अर्जाचे इंग्रजी केले. मोटार अकरा वर्षे युद्धात आहे, अर्जदार स्वतः लढत आहे, आणि शत्रू निःशेष होईपर्यंत तो थांबणार नाही. युद्ध सुरू होण्याच्या आठ वर्षे आधीपासून मेहकरचा एक संस्कृत शिक्षक ते लढतो आहे, हे पुढल्या पाच सह्यांपैकी एकाही सहीला खटकले नाही. सह्या वाचत नसतात. उत्तर जाड कागदावर आले. मार्तंडरावांच्या राजनिष्ठेबद्दल आभार मानले होते. मोटार युद्धकार्यासाठी ताब्यात घेण्यापूर्वी तपासनीस येऊन पाहणी करतील. तोवर ती जागेवरून हलवू नये. पाहणीची तारीख लग्नाच्या दोन दिवस आधीची होती.

भालचंद्रपंतांनी कागद दोनदा वाचला. खुलाशाचा अर्ज करता येईल, असे ते म्हणाले, पण त्याचे उत्तर शैलजेच्या पहिल्या मुलाच्या मुंजीच्या सुमारास येईल. मग आवाज उतरवून त्यांनी खरा मार्ग सांगितला. मोटार चांगली दिसली तर नेतील. जंगलेली दिसली तर सोडतील.

ज्यांनी तीन महिने जंग काढण्याचे सल्ले दिले होते ते सर्व आता तो चढवण्याचे सल्ले घेऊन आले. कित्येकांचे तर सल्लेही तेच होते: चिंच, राख, लोणारचे पाणी. मार्तंडरावांनी कोणाचेच ऐकले नाही. त्यांनी डाव्या पंख्यावर, त्या पाचव्या ठिगळावर, हात ठेवला आणि सांगितले की हे मला जमणार नाही. स्वतः शुद्ध लिहिलेल्या ओळीवर स्वतःच चूक कशी लिहायची. शैलजा दाराशी उभी होती. ती म्हणाली, बैलांची दमणी आहे की, बाबा, काही बिघडत नाही. आणि आत गेली. काही बिघडत नाही हे वाक्य तिला चांगले म्हणता येत नसे.

लग्नघरात ओटे सारवायला भिजवलेल्या गेरूची बादली होती, ती घेऊन प्रतिमाबाई पाहणीच्या दिवशी दुपारी मागे गेल्या. बावीस वर्षांपूर्वी जिने त्यांना या घरात आणले तिच्या अंगावर त्यांनी खालपासून वरपर्यंत जंग चढवला. काम सुरेख झाले. परंतु हाताला जन्माची सवय होती. गेरू संपल्यावर बाईचा हात तसाच थांबत नाही. त्यांनी कडेने चुन्याचे ठिपके दिले, दारावर गोपद्म काढले, आणि मग आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. तेवढ्यात पुढच्या दारी तपासनिसांचा टांगा उभा राहिला.

तपासनीस उत्तमराव हे डोणगावचे, पन्नाशीचे, खाकी कोट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी मोटारीभोवती एक संथ फेरी मारली. गेरूवर बोट फिरवले, बोट नाकाशी नेले, ठिपके मोजावेत तसे पाहिले.

“जंगाले रांगोळी काढलेली पहिल्यांदाच पाहून राह्यलो,” ते म्हणाले.

उत्तमरावांनी बोटांच्या पेरांनी डावा पंखा वाजवायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. मार्तंडराव ऐकत होते आणि प्रत्येक आवाजाबरोबर मुलीची मोटार हातची जात होती हे त्यांना कळत होते, आणि आवाज किती शुद्ध आहे हेही कळत होते. पेरे पाचव्या ठिगळावर आली. उत्तमराव वाकले, पंख्याच्या खालून हात घालून त्यांनी रिवेटांची ओळ चाचपली.

“हे काम कोणाचं?”

शहाण्या माणसाने येथे शेषरावांचे नाव सांगितले असते, किंवा स्वर्गीय वडिलांचे. भालचंद्रपंत मागून खाकरले.

“माझे,” मार्तंडराव म्हणाले.

उत्तमरावांनी ती ओळ पुन्हा एकदा शेवटपर्यंत चाचपली. मग ते ओट्यावर बसले, पाणी मागितले, आणि वामनराव वकिलांची मोटार डोणगावच्या बाजारात आली की धुळीतून तिच्यामागे कोण कोण धावे ते सांगू लागले. त्यांत ते स्वतः नव्हते. ते तेव्हा मोठे होते, जवळ उभे राहून नुसते पाहत, आणि धावता येत नाही याचे त्यांना वाईट वाटे. एवढे सांगून त्यांनी पिशवीतून दोन छापील कागद काढले.

“माझ्यापाशी दोनच कागद आहेत, गुरुजी. मोटार चांगली असली तं हा, म्हणजे मी आजच घेऊन जातो. खराब असली तं हा, मोडीत. मोडीची मोटार मालकानं आठ दिवसांत मलकापूर स्टेशनात लोखंडाच्या ढिगावर जमा करावी. तिथवर जाण्यापुरतं कुपन मी देतो. परत येण्याचं नाही. मोटार ठेवून घ्यायचा तिसरा कागद सरकारनं छापला नाही.”

मार्तंडरावांनी मोटारीकडे पाहिले, मग दाराकडे. दारातून आतल्या खोलीतली हळदीच्या हातांची शैलजा दिसत होती; तिथवर बोलणे ऐकू जात नव्हते.

“मोडीची मोटार रिकामीच पाहिजे असं मात्र इथं कोठी लिहिलं नाही,” उत्तमराव कागदाकडे पाहत म्हणाले. त्यांनी टाक दौतीत बुडवला. “कारणाचा रकाना आहे. तुम्ही संस्कृतवाले. काय लिहू, ते शुद्ध सांगा.”

मार्तंडराव ‘ग’ म्हणायला तोंड उघडतात असे भालचंद्रपंतांना दिसले, आणि त्यांनी डोळे मिटले.

“जंग लिहा,” मार्तंडराव म्हणाले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली. गेरू कोणी पुसला नाही, ठिपकेही नाहीत. लग्नाच्या गाडीला ते शोभत होते. सत्यभामाबाईंनी राग सोडून पुन्हा नारळ फोडला. मार्तंडराव स्वतः चालवत होते, शेजारी जावई जीव मुठीत धरून बसला होता, मागे माय-लेकी. चिखलीच्या अलीकडे भोंगा आपोआप वाजू लागला. शैलजा घाबरली, प्रतिमाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत राहिल्या, आणि मग हसता हसता त्यांना दुसरे काही तरी झाले. राजूरच्या घाटात पाणी उकळले. मोताळ्याशी चाक बसावे म्हणून मार्तंडराव वाट पाहत होते, पण ते बसले नाही. चांगल्या कामाचाही कधी कधी कंटाळा येतो.

मलकापुरास मुलगी-जावयाची आगगाडी सुटल्यावर मार्तंडरावांनी मोटार मालधक्क्याच्या मागे नेली. तिथे नांगरांचे फाळ, कढया आणि तुटक्या शिगांचा ढीग होता. पावती देणाऱ्याने कारणाचा रकाना वाचला, मोटारीकडे पाहिले, पुन्हा रकाना वाचला आणि शिक्का मारला. परतीच्या सर्विस मोटारीत मार्तंडराव आणि प्रतिमाबाई मागच्या बाकावर बसले. मार्तंडरावांच्या हाताला मोटारीचा गेरू लागलेला होता आणि मेहकर येईपर्यंत त्यांनी तो धुतला नाही.

शाळा सुरू झाल्यावर वह्यांत जंग येतच राहिला. मार्तंडरावांनी तो खोडणे सोडून दिले. लाल शाई महायुद्धामुळे महागली होती, असे कारण त्यांनी दिले.

शैलजा दिवाळीला माहेरी आली. ती सवयीने घरामागे गेली आणि रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. तिला कोणी सांगितले नव्हते; भुसावळला पत्रांतून फक्त मोटार बरी आहे असे जात असे. वडील मागे येऊन उभे राहिल्याचे तिला कळले.

“बाबा, मोटार कुठे गेली?”

मार्तंडरावांनी क्षणभर शब्द निवडला. बावीस वर्षे ते मुलांना सांगत आले होते की एका शब्दाने एकच अर्थ नीट वाहावा.

“जंगात गेली,” ते म्हणाले.